रेव्हपार, गॉपपार की स्कोअरकार्ड: मुंबईतल्या मध्यम हॉटेलाने कशावर भरवसा ठेवावा?

अंधेरी-साकीनाका पट्ट्यातल्या मध्यम हॉटेलाच्या मालकाची नजर रोजच्या रिपोर्टात आधी रेव्हपारवर जाते. रेव्हपार म्हणजे खोल्यांचं उत्पन्न भागिले उपलब्ध खोल्या, मग त्या विकल्या गेलेल्या असोत वा नसोत. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणून दर ठरवायला हा आकडा रोज हवाच. पण धंद्याची तब्येत त्यावरून जोखू नका.

हिशेब करून बघा. ४० खोल्यांपैकी ३६ खोल्या ३,००० रुपयांनी गेल्या, किंवा २४ खोल्या ४,५०० ने. दोन्हीकडे उत्पन्न १,०८,००० आणि रेव्हपार २,७००. पहिल्या हॉटेलात मात्र बारा खोल्यांची जादा सफाई, चादरी, एसीची वीज, नाश्ता. खोलीमागे ७०० रुपये धरले तरी रोजचे ८,४०० गेले. रेव्हपारला हे दिसत नाही, गॉपपारला दिसतं, कारण तो प्रत्येक उपलब्ध खोलीमागे उरलेला कामकाजाचा नफा मोजतो. लग्नाच्या बँक्वेटची कमाईही त्यातच येते, रेव्हपारमध्ये नाही. मुहूर्त नसलेल्या चातुर्मासातला आकडा मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीच ताडावा.

गॉपपारचे दोष दोन. इमारतीचं भाडं, मालमत्ता कर, कर्जाचं व्याज त्यात धरत नाहीत. जागा भाड्याची असेल तर मुंबईत हा फरक जीवघेणा ठरतो. दुसरा दोष मला जास्त छळतो: एसीची दुरुस्ती पुढे ढकला, हाउसकीपिंगची दोन माणसं कमी करा, या महिन्याचा गॉपपार लगेच सुधारतो. त्याची किंमत पुढे पाहुणे आणि उरलेले कर्मचारी मोजतात.

इथे कॅप्लान आणि नॉर्टन या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेलं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड कामाला येतं. धंदा चार बाजूंनी मोजायचा हा तक्ता: पैसा, ग्राहक, अंतर्गत काम, शिकणं-वाढणं. साखळी हॉटेलांना ते पूर्ण पेलतं. तुमच्याकडे ते भरत बसायला वेगळा माणूस नसेल, तर सगळे रकाने नकोत.

माझा कौल: दरासाठी रोज रेव्हपार, निर्णयासाठी महिन्याला गॉपपार, आणि स्कोअरकार्डातून तीनच गोष्टी: किती कर्मचारी सोडून गेले, किती पाहुणे परत आले, किती तक्रारी त्याच दिवशी मिटल्या. जागा भाड्याची असेल तर गॉपपारखाली इमारतीचं खोलीमागे येणारं भाडं वजा करून आणखी एक ओळ लिहा आणि दरवाढीचा किंवा नूतनीकरणाचा निर्णय त्या ओळीवर घ्या.