सावंतवाडीत खेळणीवाल्याकडून बॅलन्स बोर्ड करून घेतला, त्याचा रिव्ह्यू

गेल्या पावसाळ्यात मागच्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सटकला आणि घोटा असा मुरगळला की तीन आठवडे पट्टी. सूज उतरली, दुखणंही गेलं, पण सपाट रस्त्यावर चालताना पाय मधेच वळायचा. फिजिओ म्हणाली लिगामेंट भरून आलंय, पण पाय कुठे कसा टेकलाय ते मेंदूला कळवणारी जी यंत्रणा सांध्यात असते ती आळसावलीये, तिला कामाला लावा, रोज वॉबल बोर्डवर, म्हणजे खाली घुमट असलेल्या डुलत्या बॅलन्स बोर्डवर, उभ्या राहा.

आधी ऑनलाइन एक प्लॅस्टिकचा मागवला. कंपनीचं नाव घेत नाही, पण गुळगुळीत लादीवर तो खालून सरकायचा, वरचे बारीक खडे तळव्याला टोचायचे आणि खालचा घुमट एवढा उंच की चढलं की सरळ धपकन कडेवर. परत पाठवला. मग नवऱ्याने जुगाड केला, पोळपाटाचे पाय काढून खाली नारळाची करवंटी पालथी चिकटवली. माझं वजन ६८ किलो. करवंटी तीन सेकंद टिकली. पोळपाट सासूबाईंचा होता, ती वेगळीच स्टोरी.

मग डोक्यात आलं की आपण सावंतवाडीत राहतो, चितार आळीत लाकडी खेळणी, पोळपाट, चौरंग करणारे बसलेत आणि मी प्लॅस्टिक कसलं मागवतेय! गेले एका दुकानात, मागेच त्यांचा कारखाना आहे. काकांना ग्राफ पेपरवरचं ड्रॉइंग दाखवलं, त्यांनी ते बघितलंही नाही, फळीवर हात फिरवत म्हणाले, "ह्येच्यार उभ्या रवल्यात तर पडतल्यात मा?" म्हटलं काका, तेच तर होया.

माप मात्र मी सोडलं नाही, कारण सगळी गंमत मापातच आहे. वरची थाळी ४० सेंटीमीटरची, म्हणजे मध्यापासून कड २० वर. खाली अर्धगोल, बुंदीचा लाडू मधोमध कापावा तसा. त्याची उंची साडेतीन सेंटीमीटर ठेवली तर थाळी साधारण १० डिग्री कलून कड जमिनीला टेकते, ५ ठेवली तर साडेचौदा. सुरुवातीला साडेतीनच बरी. थाळीला १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय सांगितलं, आपल्याकडच्या दमट हवेत साधं प्लाय फुगतं. अर्धगोल त्यांनी माझ्यासमोर खरादावर काढला. आंब्याचा ठोकळा फिरायला लागला, पटाशी टेकवली की भुशाची लांब पट्टी सुटायची आणि दहा मिनिटांत चौकोनी ठोकळ्याचा लाडू तयार. कॅलिपर वगैरे काही नाही, बोटाने चाचपून बघत होते, घरी जाऊन मी मोजलं तर एक मिलिमीटरचा फरक.

आता तक्रारी. एक, मी न सांगता त्यांनी वरून लाल-हिरवा रंग आणि चकचकीत वॉर्निश मारलं. दिसायला इतका सुंदर की भिंतीला लावावा, पण घामट पायाने त्यावर चढणं म्हणजे दुसरा घोटा मोडायची सोय. जुन्या योगा मॅटचा गोल कापून वर चिकटवला तेव्हा कुठे वापरता आला. दोन, लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. पंधरा दिवसांत अर्धगोलाला उभी चीर गेली आणि चारही स्क्रू ढिले झाले. घेऊन गेले तर वाद नाही की कुरकुर नाही, सागाचा नवा लावून दिला, वर फेविकॉल भरून स्क्रूची डोकी थाळीत बुडवून दिली. एक पैसा घेतला नाही. एकूण ८५० रुपये पडले.

खरी कमाल आईच्या बोर्डाची. तिचं वय ७२, चारी बाजूंनी डुलणारं तिला झेपणारं नाही, तिला फक्त डावी-उजवीकडे हलणारी फळी हवी होती. मी अर्धा पाईप लावायचं म्हणत होते तर काकांनी झुलत्या घोड्याचा फर्मा काढला! घोड्याच्या पायाखाली जे कमानीसारखे दोन पाट असतात, तेच आखूड कापून फळीखाली ठोकले. ती कमान पसरट असते, त्यामुळे फळी हळू डुलते, झटका देत नाही. पोरं पडू नयेत म्हणून ज्या वळणावर ह्यांच्या आधीच्या पिढ्यांनी डोकं चालवलं असणार, ते आमच्या आईच्या कामी आलं. तिला आधी डॉक्टरांना दाखवून आणलं हं, चक्कर किंवा बीपीचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने असले प्रयोग करू नका. ती ओट्याला धरून दूध तापेपर्यंत डुलत असते. माझं म्हणाल तर दुखऱ्या पायावर आधी आठ सेकंद जेमतेम उभी राहायचे, दोन महिन्यांनी चाळीस. डोळे मिटून अजून पाचच्या वर जात नाही.

पाचपैकी चार. मॅट आपली आपण लावायची आणि रंग नको हे आधीच बजावून सांगायचं. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात चुकूनही जाऊ नका, मखर आणि चौरंगांच्या ऑर्डरींत ते बुडालेले असतात, आईच्या फळीसाठी मी पाच वेळा "उद्या येवा" ऐकलंय.