आरएसआय, एसएसपी, रॉस, प्रॉमिस की मॅथकॅम्प?

अमेरिकेतले हायस्कूलचे समर प्रोग्राम निवडताना पालक आधी युनिव्हर्सिटीचं नाव बघतात. आमच्या मते आधी तिथला दिवस कसा जातो ते बघायला हवं. पाच-सहा आठवडे मुलांना तोच दिवस रोज काढायचा असतो.

यात सर्वांत अवघड प्रवेश आरएसआयचा (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट). १९८४ पासून चालतो, एमआयटीत भरतो, सहा आठवडे असतो आणि जागा शंभरच्या आसपास. अर्ज अकरावीत असताना करायचा. शिकवणं, राहणं, जेवण मोफत, प्रवासखर्च आपला. पहिला आठवडा वर्गांचा, मग मेंटरकडे, म्हणजे मार्गदर्शकाकडे, संशोधन, शेवटी पेपर आणि सादरीकरण. अर्जात लिहिलेल्या आवडीच्या विषयांवरून मेंटर ठरतो, म्हणून निबंधात ‘मला जीवशास्त्र आवडतं’ एवढ्यावर भागत नाही. नेमका कुठला प्रश्न छळतो आणि त्यावर काय वाचलंय, ते लिहायला हवं. मुदत डिसेंबरमध्ये संपते, त्यामुळे शिफारसपत्रासाठी शिक्षकांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवा. ऐन वेळी मागितलेलं पत्र कुठल्याही मुलाला चिकटवता येईल असं गुळमुळीत येतं.

संशोधन करायचंय पण विषय अजून पक्का नाही, अशा मुलांना आम्ही एसएसपी (समर सायन्स प्रोग्राम) सुचवू. तो १९५९ पासून सुरू आहे. त्याच्या खगोलभौतिकीच्या शाखेत तिघांची टीम दुर्बिणीतून पृथ्वीजवळच्या एका लघुग्रहाचे फोटो घेते, आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याचं स्थान मोजते आणि गणितज्ञ गाउसच्या पद्धतीने स्वतः लिहिलेल्या पायथन कोडमधून कक्षा काढते. या पद्धतीला किमान तीन निरीक्षणं लागतात आणि त्यांच्यात पुरेसं अंतरही लागतं. ढगांमुळे मधल्या रात्री वाया गेल्या आणि तिन्ही निरीक्षणं लागोपाठ घ्यावी लागली, तर कक्षेचा फारच छोटा तुकडा हाती येतो आणि मोजमापातली बारीकशी चूक उत्तरात कितीतरी पटींनी फुगते. मग ती चूक मोजमापात आहे की कोडमध्ये, हे तिघांनी मिळून शोधायचं. सोळा-सतराव्या वर्षी संशोधनाची इतकी खरी चव क्वचितच मिळते. फी असते, पण गरजेनुसार मदतही मिळते.

गणितवाल्यांसाठी तीन नावं: रॉस (१९५७), प्रॉमिस (१९८९, बॉस्टन युनिव्हर्सिटी) आणि मॅथकॅम्प (१९९३, जागा बदलत असते). पहिले दोन सहा आठवड्यांचे आणि एकाच वळणाचे आहेत: नंबर थिअरी (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास), रोज प्रश्नसंच, सिद्धता लिहा, काउन्सेलरकडून तपासून घ्या, पुन्हा लिहा. एका विषयात खोल बुडी मारायला आवडणाऱ्यांनी इथे जावं. मॅथकॅम्प पाच आठवड्यांचा. तिथे अनेक वर्गांतून आपले वर्ग आपण निवडायचे. त्यात भटकंती जास्त आणि शिस्त ज्याची त्याने लावायची. रोज कुणीतरी काम नेमून द्यावं लागतं, अशा मुलाला हे मोकळेपण झेपत नाही.

तिन्हींच्या अर्जात प्रश्न सोडवून पाठवायचे असतात आणि निवडीची खरी चाचणी तिथेच होते. मुलं हमखास चुकतात ती पाच-दहा उदाहरणं तपासून ‘म्हणून हे नेहमी खरं’ असं लिहिण्यात. एखादी संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्या येते. ४० ला मात्र १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग! तेव्हा नमुना दिसला की तो का खरा आहे, हे लिहा. पूर्ण उत्तर आलं नाही तर जेवढं सिद्ध झालं तेवढं स्वच्छ मांडा आणि गाडी कुठे अडली तेही लिहा. अर्धवट पण प्रामाणिक सिद्धतेला किंमत असते. उत्तर बाहेरून आणलं तर नियम मोडतोच, शिवाय पुढचे आठवडे तसलेच प्रश्न रोज सोडवायचे असतात, तिथे फार हाल होतात.

नामांकित कॅम्पस नुसता भाड्याने घेऊन खासगी कंपन्या चालवतात ते एक-दोन आठवड्यांचे महागडे कोर्स वेगळे. फी भरण्याआधी बघा: प्रमाणपत्रावर कुणाचं नाव येणार, शिकवणार कोण, आणि अर्जात कामाचा नमुना मागतात की फक्त मार्कशीट आणि कार्ड नंबर. नमुना मागत नसतील तर तो कोर्स हौसेखातर जरूर करावा, पण कठीण निवडीतून मिळालेला प्रवेश म्हणून त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.