घरच्या व्हर्च्युअलायझेशनसाठी सुपरमायक्रोचे दोन बोर्ड

सुपरमायक्रोच्या एक्स११एसएसएच-एफ आणि एक्स१०एसडीव्ही-टीएलएन४एफ या दोन सर्व्हर मदरबोर्डांतून निवड करताना मी प्रोसेसरच्या वेगाआधी मेमरीची मर्यादा पाहतो, कारण व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने चालणारे स्वतंत्र संगणक) वाढू लागल्या की सर्वांत आधी अपुरी पडते ती रॅमच. पहिल्यावर अनबफर्ड ईसीसी रॅम (चुका दुरुस्त करणारी, पण मधली रजिस्टर चिप नसलेली) ६४ जीबीपर्यंतच चालते. दुसऱ्यावर रजिस्टर्ड रॅम (ती चिप असलेली) घेतल्यास चार स्लॉटांत १२८ जीबी बसते, आणि एवढ्यावरच माझा कौल दुसऱ्याकडे झुकतो. शिवाय त्यावरील झिऑन डी प्रोसेसरचे आठ कोअर ४५ वॉटच्या टीडीपीत (प्रोसेसरच्या उष्णतेसाठी ठरलेल्या मर्यादेत) काम करतात, तर पहिल्यावर बसणारे झिऑन ई३ चार कोअरपुढे जात नाहीत.

मात्र झिऑन डी बोर्डावरच सोल्डर केलेला असल्याने पुढे केवळ प्रोसेसर बदलता येत नाही, आणि जादा कार्ड लावण्याचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटही एकच मिळतो. ज्यांना ग्राफिक्स कार्ड आणि स्टोरेज कंट्रोलर दोन्ही लावायचे आहेत, त्यांनी पहिलाच बोर्ड घ्यावा. आयपीएमआय (नेटवर्कवरून यंत्र दुरून हाताळण्याची सोय) दोन्हींवर आहे, त्यामुळे माळ्यावर मॉनिटरविना ठेवलेल्या यंत्राचे बायोसही (मूळ सेटिंगचे पानही) खालच्या खोलीतून ब्राउझरमध्ये उघडता येते. दुसऱ्यावरील दोन १० गिगाबिट पोर्टांमुळे अशी दोन यंत्रे स्विचशिवाय थेट केबलने जोडून चालू व्हर्च्युअल मशीन एकावरून दुसऱ्यावर हलवता येते.