गाडलेली वस्ती शोधायची, तर आधी लायडार की आधी ड्रोन?

लायडार म्हणजे विमानातून लेझर टाकून जमिनीचे चढउतार मोजणं. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही करा, वाद मिटला. पण नदीखोऱ्यात काम आहे, पैसे आणि माणसं मोजकी आहेत आणि एकाच गोष्टीने सुरुवात करायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी आधी ड्रोन निवडला होता.

पिकांवर उमटणाऱ्या खुणांची भूल कुणालाही पडते. बुजलेल्या खंदकावर पीक उंच आणि हिरवं राहतं, गाडलेल्या भिंतीवर आधी पिवळं पडतं, आणि कुदळ न लावता आराखडा समोर येतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या बॉइन खोऱ्यात, न्यूग्रेंज या अश्मयुगीन समाधीजवळ, ड्रोनला असंच भलंमोठं वर्तुळ दिसलं होतं. त्याचे फोटो पाहूनच मी बॅटऱ्या विकत घेतल्या, खोटं कशाला बोलू!

माझ्या वाट्याला नदीकाठच्या खडीच्या उंचवट्यावरचं एक शेत आलं. पहिल्या वर्षी नेमक्या महत्त्वाच्या आठवड्यांत पाऊस लागून राहिला. दुसऱ्या वर्षी तिथे गवत होतं, आणि गवतावर खुणा उमटायला चांगलाच दुष्काळ पडावा लागतो. तिसऱ्या वर्षी सातू, वर कोरडी हवा. वर्तुळाकार खंदक उमटला, एका बाजूला प्रवेशाची फट आणि तिथून नदीकडे निघालेली एक सरळ रेघ. दीड आठवड्यात सगळं पीक पिवळं झालं आणि चित्र पुसलं गेलं.

तीन वर्षं थांबण्याबद्दल तक्रार नाही, या कामात थांबावंच लागतं. माझं डोकं फिरवलं ते त्या रेघेने. नदीच्या दिशेने जाता जाता ती मधेच तुटली होती. पुढे एकसारखं हिरवं. खंदक तिथे संपला, की पुराच्या गाळाखाली गेला? जाड गाळ ओल धरून ठेवतो, पिकाला ताणच बसत नाही, मग खाली काहीही असो, वर काही उमटत नाही. ड्रोनच्या फोटोत ‘काही नाही’ आणि ‘झाकलेलं आहे’ हे दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. नदीखोऱ्यात तर नेमका हाच प्रश्न असतो. इन्फ्रारेड कॅमेरा लावूनही फरक पडला नाही. त्याने ज्या खुणा होत्या त्या ठळक केल्या, एवढंच.

मग त्याच भागाचा लायडार उघडला. प्रामाणिकपणे सांगतो, वर्तुळ त्यात जेमतेम होतं. वीतभराचा खोलगटपणा, आधी माहीत नसता तर मी पुढे सरकलो असतो. लायडार जमिनीच्या आत पाहत नाही, फक्त पृष्ठभागाचे चढउतार मोजतो, हे विसरून चालत नाही. पण उंचवट्याची कड, नदीने सोडून दिलेलं वळण, त्यालगतची सखल पट्टी हे सारं स्पष्ट होतं. माझी रेघ त्या पट्टीच्या काठाशीच तुटत होती.

लायडारचेही नखरे आहेत. तयार मिळणाऱ्या भूपृष्ठ-मॉडेलमध्ये झाडंझुडपं गाळताना कधीकधी बुटके बांधही गाळले जातात, म्हणून मूळ पॉइंट क्लाउड, म्हणजे लेझरने मोजलेले सगळे सुटे बिंदू, मिळवाच. हिलशेडमध्ये, म्हणजे कृत्रिम उजेड-सावलीने चढउतार दाखवणाऱ्या चित्रात, बहुतेकदा प्रकाश वायव्येकडून येतो. त्याच दिशेने जाणारा खंदक मग दिसतच नाही, तेव्हा प्रकाशाची दिशा बदलून पाहा. नवं उड्डाण करवून घ्यायचं तर ते महागच. इंग्लंडसारखं १ मीटरचं लायडार फुकट मिळत असेल तर मात्र फार विचार करू नका.

उपग्रहाचं थोडक्यात. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी फुकट फोटो देतो, पण १० मीटरच्या ठिपक्यात दोन मीटरचा खंदक हरवतो. जुने प्रवाह शोधायला तो ठीक. खोरं नंतर धरणाखाली किंवा नांगराखाली गेलं असेल, तर १९६० ते १९७२ मधले, १९९५ ला खुले झालेले अमेरिकेचे कोरोना हेरफोटो जरूर काढा. त्यांना दुसरा पर्याय नाही.

तुमचं क्षेत्र अख्खं खडीवर असेल आणि वर तृणधान्य असेल, तर ड्रोननेही भागेल, कदाचित जास्तच मिळेल. काठाला गाळाची पट्टी असेल तर मी तरी आधी लायडार उघडेन आणि ड्रोन कुठे उडवण्यात अर्थ आहे ते त्यावरून ठरवेन. त्या तुटलेल्या रेघेपुढे आम्ही शेवटी हाताने फिरवायचा गिरमिट घातला. सव्वा मीटरपर्यंत नुसता गाळ लागला, मग खडी, आणि दोन्हींच्या मधे कोळशाचे कण असलेली बोटभर काळी माती.