जुन्या कॅम्परव्हॅनची दुरुस्ती आणि सनमायकामागची लबाडी

जुनी, आटोपशीर कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात किंवा घाटावर हिंडण्याची हौस आता मुंबईतही बऱ्याच जणांना लागली आहे, आणि त्याबरोबर अशा गाड्या ‘आतून अगदी नव्यासारख्या’ करून देणारी गॅरेजेसही उभी राहिली आहेत. पूर्व उपनगरांतील अशाच एका गॅरेजने आम्हा नवरा-बायकोला ज्या रीतीने फसवले, ती रीत इतरांना आधीच ओळखता यावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचे नाव देत नाही.

आमची गाडी म्हणजे आखूड चेसिसची, उंच छताची फोर्स ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने ती कॅम्पर म्हणून रीतसर नोंदवून घेतली होती, त्यामुळे कागदपत्रांची अडचण नव्हती. मुळात 1987 साली बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या व्हॅनच्या आराखड्यावरून टेम्पो ट्रॅव्हलर आणली आणि 2005 मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. इतकी वर्षे ही गाडी रस्त्यावर असल्याने तिचे सुटे भाग कुर्ल्यात तर मिळतातच, पण तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही तिचे इंजिन डोळे झाकून उघडतो. क्लच प्लेटला किती पडतात आणि मजुरी किती, हे दोन ठिकाणी विचारले की कळते, त्यामुळे इंजिनाच्या कामात फार मोठी लूट करता येत नाही. गाडीच्या मागच्या भागातल्या घराचे मात्र तसे नाही. प्लाय, वायरिंग, बॅटऱ्या, पाण्याच्या नळ्या यांच्या जोडकामाला ठरलेला बाजारभाव नाही, आणि काम पुरे झाले की ते सगळे सनमायकाच्या मागे जाते. लबाडीला जागा मिळते ती तिथे.

मुंबईत एका मोसमात 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि सोसायटीत छपराखाली एवढ्या उंच गाडीला जागा मिळत नाही. पावसाळा सरताना गाडीत कुबट वास येऊ लागला आणि सरकत्या दाराजवळची जमीन पायाखाली दबू लागली. छतावरच्या झरोक्याच्या कडेचे सीलंट उन्हाने आणि गाडीच्या हादऱ्यांनी तडकते. आत शिरलेले पाणी तिथेच टपकत नाही, तर छताच्या आतून चौकटीवरून ओघळत जाऊन भलत्याच कोपऱ्यात, बहुधा कपाटाखाली साचते. म्हणून गळतीचे भोक एकीकडे आणि कुजलेला प्लाय दुसरीकडे, असा प्रकार असतो. गॅरेजमालकाने हे सगळे आम्हाला इतके नीट समजावून सांगितले की माणूस जाणकार आहे याबद्दल शंका उरली नाही. जाणकार तो होताच. हिला ‘काकू’ आणि मला ‘काका’ म्हणत त्याने जे अंदाजपत्रक हाती ठेवले, त्यात काय लिहायला हवे हे त्याला पक्के ठाऊक होते.

जमिनीचा आणि डाव्या भिंतीचा कुजलेला प्लाय पूर्ण काढणे, लोखंडी चौकट घासून तिला गंजरोधक रंग देणे, नवीन मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय बसवणे, झरोका काढून पुन्हा सील करणे, 100 ॲम्पिअर-अवरच्या दोन नव्या डीप सायकल (पुन्हा पुन्हा बऱ्यापैकी रिकाम्या करून चार्ज करता येणाऱ्या) बॅटऱ्या आणि संपूर्ण तांब्याचे वायरिंग, अशी यादी होती. एकूण रक्कम दोन लाख ऐंशी हजार. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो व्हॉट्सॲपवर येणार, ही अट त्याने स्वतःच घातली, आणि ती ऐकून कुणाचाही विश्वास बसावा.

आता खरी युक्ती पाहा. फोटो वेळेवर येत, पण गाडी प्रत्यक्ष पाहायला येतो म्हटले की काही ना काही निघे. कधी सुतार गावाला गेलेला असे, कधी प्रायमर ओला असे, तर कधी ‘काका, गॅरेजबाहेर पाणी भरलंय, उगाच त्रास नका घेऊ’ असे आपुलकीचे उत्तर येई. भेटीचा दिवस ठरे तो नेमका त्या भागावर सनमायका चढल्यानंतरचा. आत गेल्यावर स्वच्छ भिंती, नव्या फेव्हिकॉलचा वास आणि पुढच्या हप्त्याची मागणी, एवढेच हाती लागे. आलेले फोटो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचे होते, हे पुढे हिच्या लक्षात आले: आमच्या गाडीत मागच्या चाकाच्या कमानीशेजारी पाण्याच्या टाकीची नळी खाली जाते आणि तिच्यासाठी जमिनीला भोक आहे, फोटोतल्या उघड्या चौकटीत त्या जागी पत्रा सलग होता.

मृगाच्या सरींमध्ये आम्ही गुहागरला गेलो. पहिल्याच रात्री फ्रिज पहाटेपूर्वी बंद पडला, पंख्याचे बटण हाताला गरम लागू लागले, आणि दाराजवळची जमीन पुन्हा दबली. परतताना दाभोळची फेरीबोट घेऊन हर्णैला थांबलो. तिथे मच्छीमारांच्या होड्यांचे काम करणाऱ्या एका सुताराला गाडी दाखवली. त्याने बोटाच्या पेराने भिंत वरपासून खालपर्यंत ठोकत आणली. खिडकीखाली आवाज खणखणीत होता, तोच गुडघ्याच्या उंचीवर बद्द झाला. बीडिंगची पट्टी सोडवून त्याने सनमायका कडेने उचलला, तेव्हा मागे जेमतेम चार मिलिमीटरचा नवा प्लाय आणि त्याच्यामागे जुना, काळा पडलेला, ओला प्लाय जसाच्या तसा होता. स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्यात मुठीपर्यंत गेले. चौकटीवर रंगाचा हातही फिरलेला नव्हता.

नवा प्लाय तरी मरीन आहे का, हे त्याने आमच्यासमोर पाहिले. मरीन प्लायला आयएस 710 हे मानक लागते आणि त्याच्या कसोटीत नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. सुताराने एक तुकडा जुन्या पातेल्यात टाकून चुलीवर चढवला. आमचे जेवण उरकेपर्यंत त्याचे थर पत्त्यांसारखे सुटले होते. ‘भाऊ, हा तर खोक्याचा प्लाय,’ एवढेच तो बोलला. त्याने ही सगळी तपासणी आम्हाला मोबाइलवर चित्रित करायला लावली आणि काढलेले तुकडे पिशवीत भरून दिले, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

मुंबईत आल्यावर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बाकीचे उघडे केले. वायरच्या एका तारेवर ब्लेड फिरवताच तांबूस रंगाखालून पांढरी चमक दिसली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. घरातल्या 230 व्होल्टवर 240 वॅटच्या उपकरणाला जेमतेम एक ॲम्पिअर लागतो, पण 12 व्होल्टच्या गाडीत त्याच उपकरणासाठी 20 ॲम्पिअर वाहतो. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची बारीक वायर म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटऱ्यांची टर्मिनल्स ग्रीसने माखलेली होती. ग्रीस पुसल्यावर शिशावर जुन्या क्लॅम्पच्या चावल्याच्या खुणा दिसल्या, आणि निर्मितीचा कोड असतो तिथले प्लास्टिक खरवडून वर नवा स्टिकर चिकटवलेला होता. आमच्या जुन्या बॅटऱ्या गॅरेजवाल्याने भंगारात घेतल्या होत्या; त्याच धुऊनपुसून आम्हाला परत विकल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. खऱ्या 100 ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीने 5 ॲम्पिअरचा भार साधारण 20 तास ओढला पाहिजे. पैसे चुकते करण्याआधी गॅरेजमध्येच दिवे आणि पंखा लावून ही कसोटी घ्यावी. तिला नकार आला, तर बॅटरीविषयी आणखी विचारण्याची गरज नाही.

गॅरेजमालकाचे उत्तर तयारच होते: ‘तुम्ही बाहेरच्या सुताराकडून भिंत उघडलीत, आता वॉरंटी संपली.’ पावती म्हणून त्याने दिलेला कागद काढून पाहिला, तर त्यावर ‘कॅम्पर काम’ आणि ठोक रक्कम एवढेच होते. जीएसटी क्रमांक, प्लायची प्रत, बॅटरीचे अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते. आमच्या बाजूने टिकले ते सहीचे अंदाजपत्रक, बँकेतून गेलेल्या रकमांच्या नोंदी, मूळ फोटो, चित्रफीत आणि प्लायचे तुकडे. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून कुजलेला तुकडासुद्धा फेकू नये.

ज्यांचे काम अजून चालू आहे त्यांच्यासाठी सांगतो: पैशांचा टप्पा ‘भिंत पूर्ण झाल्यावर’ असा न ठेवता ‘भिंत झाकण्यापूर्वी, मालकाने प्रत्यक्ष पाहिल्यावर’ असा लिहून घ्यावा. उघडी चौकट आणि गाडीची नंबर प्लेट एकाच सलग चित्रफितीत मागावी. प्लायवरचा आयएसआय शिक्का असलेला उरलेला तुकडा आणि बॅटरीचे दुकानदाराच्या सहीचे वॉरंटी कार्ड ताब्यात घ्यावे. झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी रबरासारखी चिकट पट्टी, घातली आहे की कडेने नुसते सिलिकॉन फासले आहे, हे तर समोर उभे राहूनच पाहावे, कारण आमच्या छतावर जुन्या सीलंटवरच सिलिकॉनचा थर ओढलेला होता आणि ते सगळे खरवडून काढण्यातच नव्या कारागिराचा बराचसा वेळ गेला. काही गॅरेजवाले वाद झाला की गाडीच अडकवून ठेवतात. करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे कारागिराला मजुरीसाठी वस्तू राखून ठेवता येते खरी, पण काम ठरल्याप्रमाणे आणि श्रम-कौशल्य लावून केलेले असेल तेव्हाच. त्यामुळे त्या धमकीने गांगरून उरलेली रक्कम देऊन टाकू नये.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ती आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील नसला तरी चालते. आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आम्ही नोटीस पाठवून, उत्तराची वाट पाहून मगच तक्रार दाखल केली. आयोगाची नोटीस गॅरेजला पोहोचली आहे. लेखी म्हणणे मांडण्यासाठी कायद्याने 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात, आणि ती मुदत सध्या चालू आहे. दरम्यान, नव्या सुताराने डावी भिंत पुन्हा बांधताना खालची फळी गोंदाने न चिकटवता स्क्रूंवर बसवली आहे, म्हणजे दर पावसाळ्यानंतर ती काढून आतली चौकट पाहता येईल.