मशीन, दातांची पट्टी की ऑपरेशन?

बायकोने उशी उचलून हॉलमध्ये मुक्काम हलवला, की घोरणं मान्य करावंच लागतं. पण त्यावरच्या उपायाच्या खरेदीआधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी, करा. झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो, तो आकडा त्यात मिळतो: 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. 5 च्या आत असाल तर मशीनची गरज सहसा पडत नाही.

आकडा तिशीपुढे असेल, तर माझं मत सीपॅप मशीनला. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत मांडली. परिणामात अजूनही तीच वरचढ. पण ती वापरली तर! बाबांच्या भरघोस मिशीमुळे मास्क नीट बसेना, हवा फुसफुसत डोळ्यात जायची, सकाळी नाकावर वळ. दोन आठवडे मशीन कपाटात. मग नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क आणला आणि गाडी रुळावर आली. मिशी शाबूत. वीज गेली की मशीन बंद, म्हणून इन्व्हर्टरची सोय हवी.

दातांची पट्टी खालचा जबडा थोडा पुढे धरते, त्यामुळे जीभ मागे घसरत नाही. आवाज नाही, वायर नाही, प्रवासात खिशात मावते. आकडा सीपॅपइतका उतरत नाही, पण लोक ती रात्रभर ठेवतात, त्यामुळे सौम्य-मध्यम त्रासात फरक फारसा उरत नाही. सकाळी जबडा ठणकतो, काही वर्षांत दातांची ठेवण बदलू शकते. पूर्ण कवळी असेल तर हा पर्याय जवळपास बादच. डेंटिस्टकडून माप देऊनच करून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायच्या पट्टीवर माझा भरवसा नाही.

ऑपरेशन टॉन्सिल खूप मोठे असतील तर पटतं; लहान मुलांत तर बहुधा तोच पहिला उपाय. मोठ्यांत पडजीभ-टाळू कापून घोरणं थांबतं, पण श्वास अडणं चालूच राहू शकतं, आणि आता ते कुणाला ऐकूही येत नाही. म्हणून नंतर पुन्हा स्लीप स्टडी हवीच.

वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीचा पेग टाळणं हे कशाच्याही जोडीला चालतं. सीपॅपकडे कल असेल, तर आधी महिनाभर भाड्याने घ्या आणि दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघायला मागा.