पीयू पॉलिशचे पैसे दिले, मिळालं भलतंच

ठाण्याच्या चरईतलं आजोबांचं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा चार सागवानी दरवाजे मी हट्टाने काढून आणले. अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर, पण आत पितळी बिजागऱ्या आणि चांगलं जुनं लाकूड. नव्या घराला हेच लावायचे होते. ओळखीतून एक पॉलिशवाला आला. रंग हीट गनने आणि पटाशीने खरवडून काढायचा, सांधे घट्ट करायचे आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, म्हणजे कडक वाळणारा थर, असं ठरलं. दरवाजामागे ११,००० रुपये, निम्मे आगाऊ.

काम घरीच करा म्हटलं, तर म्हणाला, "ताई, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरात लहान मुलगी आहे. ती धूळ तिच्या पोटात गेली तर?" जुन्या रंगाच्या धुळीचा हा धोका खराच आहे, आणि तिथेच मी फसले. खरं बोलणारा माणूस पुढेही खरंच बोलेल असं मी धरून चालले, आणि दरवाजे माझ्या नजरेआड बाळकुमच्या गाळ्यात गेले.

तिथे खरवडणं वगैरे काही झालं नाही. दरवाजे रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून ठेवले, हे तिथल्याच पोऱ्याने नंतर सांगितलं. सोड्याने रंग भराभर सुटतो, पण सागवान काळवंडतं आणि सरसाने जोडलेले सांधे सैल पडतात. शिवाय नीट धुऊन, व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल मारून त्याचा जोर मोडला नाही, तर सोडा लाकडात मुरून राहतो आणि वरचं पॉलिश खालून उचलतो. काळवंडलेलं लाकूड पॉलिशवाल्याने गडद स्टेनखाली लपवलं आणि उघडलेल्या सांध्यांत खडूची लांबी (पुट्टी) भरली.

मे महिन्यात दरवाजे आले ते आरशासारखे. मी उरलेले २२,००० तिथल्या तिथे यूपीआयने दिले. बिल मागितलंच नाही.

जुलैत पॅनेलच्या कोपऱ्यांवर पांढुरकं धुकं धरलं, मग पापुद्रे सुटायला लागले. त्याला फोन केला तर "पावसाची हवा आहे ताई, लाकूड फुगतंच." नंतर फोन उचलणंच बंद.

नाशिकहून मामा आले. त्यांची हयात सुतारकामात गेली. त्यांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून दाराच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात दाबून धरला. बोळा तपकिरी झाला, पॉलिश विरघळून त्याला चिकटलं. पीयूमध्ये बेस आणि हार्डनर असे दोन भाग मिसळतात. ते पुरतं वाळलं की थिनरने असं विरघळत नाही. मला मारून दिलं होतं स्वस्तातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, जे थिनरमध्ये विरघळतं. पापुद्रा निघालेल्या जागी लाकूड ओलं करून तांबडा लिटमस कागद लावला, तो निळा झाला. म्हणजे सोडा अजून आतच. शेवटी मामांनी बिजागरीला चुंबक लावलं आणि ते घट्ट चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आजोबांच्या बिजागऱ्या काढून पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी बसवल्या होत्या. पॉलिशपेक्षा मला हेच जास्त लागलं.

म्हणून कळकळीने सांगते, दरवाजे गाळ्यावर पाठवावेच लागले तर आधी बिजागऱ्या आणि कड्या उतरवून घरी ठेवा. रंग कशाने काढणार ते लिहून घ्या. बेस आणि हार्डनरचे सीलबंद डबे तुमच्यासमोर फोडायला लावा. काम झाल्यावर आठवडाभर थांबा, थिनरचा बोळा लावून बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं एवढंच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही, त्यामुळे तिकडेही जाणार आहे.

चारातला एक दरवाजा सांध्यांतून पार निखळला. बाकीचे तीन मामांनी पुन्हा उघडे केले, व्हिनेगरच्या पाण्याने लिटमस निळा व्हायचा थांबेपर्यंत धुतले आणि गॅलरीत सावलीला उभे केलेत. दिवाळीपर्यंत ब्रश लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद आहे.